तेच चाक, पुन्हा पंक्चर: ट्यूबवरच्या भोकाची जागा काय सांगते

लांब पल्ल्याच्या मोटरसायकल प्रवासात ट्यूब असलेला टायर कधी ना कधी बसणार, हे गृहीत धरूनच माणूस घराबाहेर पडतो, आणि एकदा झालेले पंक्चर रस्त्यावरचा कोणताही टपरीवाला काढून देतो. खरी तक्रार सुरू होते ती तेच चाक दोन-तीन दिवसांत दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा बसते तेव्हा. अशा वेळी बहुतेक जण आधी रस्त्याला दोष देतात, मग टायरला, मग नशिबाला, आणि अखेर नवी ट्यूब टाकून पुढे निघतात. ती नवी ट्यूबही शंभर किलोमीटरच्या आत बसली की मात्र काय करावे ते सुचत नाही, कारण तोपर्यंत बरोबरच्या ट्यूबही संपत आलेल्या असतात.

माझे म्हणणे असे आहे की पुन्हा होणारे पंक्चर बहुतेक वेळा नवे नसतेच. आधीच्या पंक्चरचे कारण टायरमध्ये, रिममध्ये किंवा ते काढणाऱ्याच्या हातात शिल्लक राहिलेले असते, आणि ते नेमके कुठे शिल्लक आहे हे ट्यूबवरचे भोक कोणत्या जागी आणि कोणत्या आकाराचे आहे यावरून बऱ्यापैकी ठरवता येते. म्हणून ठिगळ लावण्याची घाई करण्याआधी दहा मिनिटे त्या भोकाकडे पाहावे.

हे मला उशिरा कळले. २०१९च्या ऑगस्टमध्ये किर्गिझस्तानातल्या ओशहून ताजिकिस्तानातल्या मुर्गाबकडे जाणाऱ्या पामीर महामार्गावर, म्हणजे एम-४१ या रस्त्यावर, भाड्याने घेतलेल्या सुझुकी डीआर ६५० या गाडीचे मागचे चाक सहा दिवसांत चार वेळा बसले. निघताना एक शहाणपण मात्र केले होते. डीआर ६५० आणि आपल्याकडची ४११ सीसीची हिमालयन या दोन्ही गाड्यांच्या टायरचे माप एकच आहे, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७, त्यामुळे पुण्यातून घेतलेल्या दोन ट्यूब सामानात होत्या. चार पंक्चरांना दोन ट्यूब पुरत नाहीत, हा हिशेब सारी-ताशच्या पुढे गेल्यावर लक्षात आला. त्या चारांपैकी प्रत्येकाचे कारण पुढे ओघात येईलच. चारांपैकी तीन माझ्या किंवा दुसऱ्याच्या हाताने झालेली होती, हे आधीच सांगून टाकतो.

आधी हे पंक्चरच आहे ना, ते पाहावे

रात्री नीट असलेले चाक सकाळी मऊ लागले तर चाक सोडण्याआधी व्हॉल्व्हचे टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावावी. बुडबुडा हळूहळू फुगत असेल तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्या बुडाशी धूळ अडकली आहे. पिन आवळण्याची छोटी किल्ली काही रुपयांत मिळते, पण नेमकी तीच बरोबर नसते. जादा दोन पिना आणि आत रबरी वायसर असलेले धातूचे टोपण हे एवढेसे सामान कितीतरी वेळा अख्खे चाक सोडण्याचा त्रास वाचवते. धुळीच्या रस्त्यावर उघड्या तोंडाच्या व्हॉल्व्हने फिरणे म्हणजे ही तक्रार स्वतःहून ओढवून घेणे होय.

दुसरा भास उंचीमुळे होतो आणि त्याचा उलगडा करून ठेवणे गरजेचे आहे, कारण त्यातूनच पुढची खरी पंक्चरे जन्माला येतात. हवेचा गेज आपल्याला टायरमधला एकूण दाब दाखवत नाही. आतला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा किती जास्त आहे तेवढेच दाखवतो. ओश समुद्रसपाटीपासून सुमारे ९६० मीटरवर आहे आणि तिथे वातावरणाचा दाब साधारण १३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असतो. पामीर महामार्गावरची सर्वांत उंच खिंड आक-बायताल ही ४,६५५ मीटरवर आहे आणि तिथे तो साधारण ८ पीएसआय इतकाच उरतो. ओशमध्ये २५ पीएसआय भरलेला टायर, त्याचे तापमान तेवढेच राहिले तर, खिंडीत सुमारे ३० दाखवील. पहाटे थंडीत पाहिले तर मात्र गार झालेली हवा आकसते, आणि ३० अंशांवरून शून्यावर येताना जवळपास चार पीएसआय कमी होतात, म्हणून तेव्हा गेज पुन्हा २५-२६ च्या आसपास दिसतो. या दोन्ही गोष्टी ठाऊक नसलेला प्रवासी दुपारी खिंडीत ३० हा आकडा पाहून घाबरतो, टायर फुटेल म्हणून हवा सोडून २५ करतो, आणि दुसऱ्या दिवशी याच रस्त्यावरच्या खोरोग शहरात, म्हणजे सुमारे २,१०० मीटरवर, उतरतो तेव्हा त्याच टायरमध्ये २२ सुद्धा भरत नाहीत. मागे दोन पेट्या, तंबू आणि पाण्याचे कॅन लादलेल्या गाडीला हा दाब कमी पडतो. मनालीहून लेहला जाणाऱ्यांचीही गत अशीच होते. तिथेही तांगलांग-ला खिंडीत ठरवलेला दाब खाली उतरल्यावर खोटा ठरतो. नियम एवढाच ठेवावा की दाब सकाळी, टायर गार असताना, आपल्याच एका गेजने पाहावा, आणि खिंडीवर असताना व्हॉल्व्हला हात लावू नये. परक्या देशात पंपावरचे गेज बहुधा बारमध्ये असतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा २ बार म्हणजे २९, इतके पाठ असले की काम भागते.

ट्यूब बाहेर काढण्याआधी खडूच्या दोन खुणा

चाक गाडीवरून उतरवल्यावर व्हॉल्व्ह जिथे आहे तिथे टायरच्या बाजूवर खडूने रेघ मारावी, आणि टायरची कोणती बाजू चेनकडे होती तेही लिहून ठेवावे. खडू नसेल तर दगडाने ओरखडा चालतो. ट्यूब काढताना तिची चेनकडची बाजू विसरू नये. हे न करता ट्यूब ओढून काढली की भोक सापडते खरे, पण ते टायरच्या कोणत्या भागासमोर होते हे कायमचे हरवते, आणि मग आतले कारण शोधायला अख्खा टायर चाचपावा लागतो. खुणा असतील तर काम सोपे होते. ट्यूब टायरवर होती तशी मांडायची, व्हॉल्व्हपासून भोक किती विती आणि किती बोटांवर आहे ते मोजायचे, आणि टायरवर आणि रिमवर तेवढ्याच अंतरावर पाहायचे.

गावातल्या टपरीत घमेल्यातल्या काळ्या पाण्यात ट्यूब बुडवली की बुडबुडे भोक दाखवतात. पामीरच्या पठारावर किंवा नामिबियाच्या रेतीत बुडवायला पाणी नसते. तिथे ट्यूब नेहमीच्या दुप्पट जाडीची होईपर्यंत फुगवावी आणि ओल्या ओठांजवळून हळूहळू फिरवावी. अगदी बारीक भोकाचा गार झोत ओठाला किंवा पापणीला कळतो, कानाला कळत नाही. वारा असेल तर जॅकेटच्या आडोशाला बसावे. एक भोक सापडले म्हणून थांबू नये, पूर्ण फेरी करावी. दोन भोकांपैकी एकच बुजवून चाक परत बसवणे हेही पुन्हा होणाऱ्या पंक्चरचे एक फार साधे कारण आहे.

भोक कोठे आहे

ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे टायरच्या नक्षीकडे तोंड असलेल्या बाजूला, एकच गोल बारीक भोक असेल तर बाहेरून काहीतरी घुसले आहे. खिळा दिसतो, त्यामुळे तो फसवत नाही. फसवते ती तार. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्या आतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्यावर विखुरतात, आणि असा तुकडा आपल्या टायरमध्ये शिरला की बाहेरून फक्त एक चमकता ठिपका आणि आतून जेमतेम दोन मिलिमीटर टोक उरते. टायर सैल असताना ते टोक रबरात दडून बसते, हवा भरून गाडीचा भार पडला की पुन्हा वर येते. माझे पहिले पंक्चर कारा-कूल सरोवराच्या अलीकडे अशाच तारेने झाले. मी ट्यूबला ठिगळ लावले, टायरच्या आतून हातमोजा घातलेला हात एकदा फिरवला, काही लागले नाही म्हणून चाक बसवले, आणि चाळीस किलोमीटरवर त्याच ठिगळाच्या शेजारी, अर्ध्या बोटाच्या अंतरावर, दुसरे भोक पडले. हातमोज्याला तार कळत नाही. उघडे बोट फिरवले तर रक्त निघते. यावरचा उपाय म्हणजे जुना सुती मोजा किंवा कापसाचा बोळा टायरच्या आतून दोन्ही दिशांनी फिरवणे. जिथे टोक असेल तिथे धागा अडकून राहतो. मग टायर त्या जागी बाहेरून आत वाकवून टोक उघडे पाडावे आणि नोजप्लायरने ओढून काढावे.

काट्यांचे गणित थोडे वेगळे आहे. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरल्यावर बाहेरचे टोक मोडते आणि आतले तसेच राहते, हे मराठवाड्यात सायकल चालवलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आपली बाभूळ आफ्रिकेतही मूळचीच आहे, आणि उत्तर केनियापासून नामिबियापर्यंत तिची भावंडे रस्त्याच्या कडेला पसरलेली आहेत. तिथे मुक्कामाला गाडी झाडाच्या सावलीत लावण्याचा मोह टाळावा. काट्याचे मोडके टोक कापसाला अडकेलच असे नाही; मोजून काढलेल्या जागी टायर वाकवून रबराच्या भेगेत पाहावे लागते आणि दाभणासारख्या टोकदार वस्तूने ते आतून बाहेर ढकलावे लागते.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे असेल तर टायर तपासण्यात वेळ घालवू नये. दोष रिममध्ये आहे. स्पोकचे टोक निपलच्या, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या, डोक्याबाहेर आले आहे, किंवा ते झाकणारी रबरी पट्टी सरकली आहे, किंवा रिमला गंज आणि धारदार कंगोरा आलेला आहे. माझे चौथे पंक्चर या जातीचे होते. मुर्गाबच्या आधीचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा लाटांचा आहे, तासन् तास गाडी थरथरत राहते, आणि त्या थरथरीने, शिवाय मी लादलेल्या जादा ओझ्याने, मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. गावातल्या एका कारागिराने आपल्याकडचा दुसरा स्पोक लावून दिला. काम चोख दिसत होते, चाकही सरळ फिरत होते. पण तो स्पोक मूळच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब होता, आणि आवळल्यावर त्याचे टोक निपलच्या डोक्यातून वर आले. अलिचूरच्या अलीकडे चाक बसले. ट्यूब काढून व्हॉल्व्हपासूनचे अंतर मोजले तेव्हा दीड वीत आणि दोन बोटे भरले. रिमवर तेवढेच मोजले तेव्हा बोट बरोबर त्या नव्या स्पोकवर आले. रबरी पट्टीला तिथे सुईच्या नेढ्याएवढे छिद्र पडले होते. कानशीने ते टोक डोक्याच्या पातळीला आणले, खरखरीतपणा पॉलिश पेपरने घालवला, आणि निकामी झालेल्या ट्यूबची एक पट्टी कापून रिमभोवती चढवली. त्यानंतर पुढचा सगळा प्रवास त्या चाकाने तक्रार केली नाही. रोज सकाळी चाक फिरवत पान्याच्या टोकाने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारण्याची सवय मला तेव्हापासून लागली आहे. घट्ट स्पोक टणटणीत वाजतो, सैल झालेला बद्द आवाज देतो.

ट्यूबला एकमेकींसमोर दोन चिरा असतील, जणू सापाने दात मारले आहेत, तर ट्यूब चिमटली गेली आहे. दगडाच्या धारेवर किंवा खड्ड्याच्या काठावर टायर इतका दबला की रिमच्या कडेने ट्यूब कातरली गेली. याचे कारण जवळजवळ नेहमी कमी हवा हेच असते, आणि वर सांगितलेला खिंडीवरचा गोंधळ इथे येऊन मिळतो. आणखी एक सवय यात भर घालते. वाळूत किंवा चिखलात पकड मिळावी म्हणून हवा सोडायची, ते ठीकच आहे. पण पुढे डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची ती राहून जाते. डांबरीवर तशाच मऊ टायरने ऐंशीच्या वेगाने दोन तास गेले की टायर दबून-उठून इतका तापतो की आधी लावलेले ठिगळही सैल पडते. त्यामुळे हवा सोडायची असेल तर भरण्याचा पंपही हाताशी असलाच पाहिजे. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोयीचा खरा, पण हातपंप बिघडत नाही.

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली ट्यूब फेकूनच द्यावी. तिथे ठिगळ टिकत नाही. मात्र ती का फाटली हे पाहिल्याशिवाय नवी टाकू नये. हवा कमी असलेला टायर जोरात ब्रेक मारताना किंवा घाटात जोर लावताना रिमवर थोडाथोडा सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. आधी तो तिरका होतो, मग बुडाशी तुटतो. व्हॉल्व्हवरची बारीक चकती रिमला घट्ट आवळून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ती चकती वर टोपणाला टेकवून ठेवावी. मग टायर सरकला की व्हॉल्व्ह मोकळेपणाने कलतो, तो कललेला डोळ्याला दिसतो, आणि फाटण्याआधी दोन-तीन दिवस इशारा मिळतो. रिम आणि टायर यांच्यावर एक सलग पांढरी रेघ मारून ठेवली तर तो इशारा आणखी आधी मिळतो, कारण टायर बोटभर सरकला तरी रेघ तुटलेली दिसते.

उरलेल्या दोन खुणा झटपट सांगतो. ट्यूबवर एका रांगेत घासल्यासारखा पातळ पट्टा आणि त्यात बारीक भोके दिसली तर ट्यूब आत दुमडली होती, म्हणजे तिचे माप चुकीचे आहे किंवा आत वाळू राहिली आहे. नव्या टायरच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागदी स्टिकर असतो, तोही ट्यूब घासून कमकुवत करतो. टायर बसवण्याआधी तो खरवडून काढावा. अडचणीच्या वेळी पुढची २१ इंची ट्यूब मागच्या १७ इंची चाकात घालून गाव गाठता येते, पण ती दुमडूनच बसते, म्हणून गाव गाठल्यावर ती काढावी.

ठिगळ का सुटते

कधीकधी नवे भोक सापडतच नाही. जुन्याच ठिगळाच्या कडेने हवा निघत असते. पॉलिश पेपरने ट्यूब ठिगळाच्या आकाराहून मोठ्या जागेत घासायची असते, कारण नव्या ट्यूबवर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो आणि ठिगळ चिकटवायचे सोल्यूशन त्याला धरत नाही. ट्यूबच्या मधून जी उंच शिवण जाते ती भोकाजवळून जात असेल तर घासून सपाट करावीच लागते, नाहीतर ठिगळाखाली तिच्या बाजूने हवेला बोगदा मिळतो. घासलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये. सोल्यूशन पातळ लावावे, जाड नव्हे, आणि त्याची चकाकी जाऊन ते मंद दिसेपर्यंत थांबावे; बोटाची मागची बाजू टेकवली तर चिकटता कामा नये. मैदानात याला पाचेक मिनिटे लागतात, पठारावरच्या थंडीत कितीतरी जास्त, आणि बहुतेक ठिगळे इथेच, म्हणजे थांबण्याच्या कंटाळ्यापायी, वाया जातात. ठिगळ मधून कडेकडे दाबत न्यावे आणि टायर काढायच्या लिव्हरच्या गोल टोकाने रगडावे. मग टाल्कम पावडर शिंपडावी. बाहेर असताना ट्यूब पुन्हा फुगवून ठिगळाची परीक्षा घेऊ नये, कारण टायरच्या आधाराशिवाय ट्यूब ताणली की ठिगळाची कड उचलते.

सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आत वाळून जाते. गेल्या वर्षीची उघडलेली नळी घेऊन निघालेले दोन जण मला भेटले आहेत. त्यांतला एक मीच होतो. दोन न उघडलेल्या नळ्या बरोबर ठेवाव्यात आणि सोल्यूशनशिवाय नुसती चिकटवायची ठिगळे मोटरसायकलसाठी घेऊच नयेत, टायर तापला की ती सरकतात. भोक बुजवणारे द्रव ट्यूबमध्ये आधीच भरून ठेवण्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. काट्याच्या भोकावर ते काम करते, चिरेवर करत नाही, आणि मग त्या बुळबुळीत ट्यूबवर ठिगळ लावायचे म्हटले तर अर्धा तास पुसण्यात जातो.

आपल्याच लिव्हरने केलेले पंक्चर

तिसरे पंक्चर मी स्वतः केले. दुसऱ्यांदा बसलेले चाक वाऱ्यात, अंधार पडायच्या घाईत बसवताना टायरची कड रिममध्ये ढकलण्यासाठी लिव्हर जोराने दाबली, खालची ट्यूब लिव्हर आणि रिम यांच्यात सापडली, आणि हवा भरायला घेतली तर पंप मारतोय तेवढी ती निघून जातेय. ओळखण्याची खूण हीच आहे. चाक बसवल्याबरोबर किंवा पहिल्या दोन-चार किलोमीटरमध्ये हवा गेली तर दोष लिव्हरचा. बऱ्याच किलोमीटरनंतर गेली तर टायरमध्ये काहीतरी राहिले आहे. तापलेल्या डांबरीवर गेली तर ठिगळ सुटले आहे. हे ठोकताळे दर वेळी खरे ठरतील असे नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे त्यांवरून ठरते.

लिव्हरला जोर लावावा लागतो आहे याचा अर्थच असा की टायरची समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरलेली नाही. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. एका बाजूला तिला खोलगट भागात ढील मिळाली तरच ती दुसऱ्या बाजूला रिमवरून चढते किंवा उतरते. म्हणून समोरच्या भागावर दोन्ही गुडघे रोवून बसावे आणि लिव्हरने एका वेळी दोन-तीन बोटांपेक्षा जास्त घास घेऊ नये. बसवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा, काढताना सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी, कारण जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे त्याच्या जाड बुडामुळे कड खोलात उतरत नाही. ट्यूब आत घालण्याआधी तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरावी. रिकामी, लोळागोळा झालेली ट्यूब लिव्हरखाली हमखास येते. शेवटची वीतभर कड चढवण्याआधी व्हॉल्व्ह बोटाने आत वर ढकलून पाहावा, म्हणजे त्याच्या बुडाखाली टायरची कड अडकली नाही याची खात्री होते. कडेला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा तेल कधीही नाही. हवा भरून एकदा पूर्ण सोडावी आणि पुन्हा भरावी, म्हणजे आतल्या घड्या उलगडतात. शेवटी टायरच्या कडेजवळची बारीक उंच रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते पाहावे.

रिमला घट्ट चिकटलेली कड सोडवणे हे एकट्या माणसाला सर्वांत जड जाते. दोन गाड्या असतील तर चाक जमिनीवर आडवे ठेवून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर, रिमच्या अगदी जवळ, टेकवावा आणि ती गाडी त्या बाजूला कलती करावी. कड पटकन सुटते. एकटे असाल तर मोठा जी-क्लॅम्प सामानात असू द्यावा, वजन थोडे वाढते पण हात वाचतात.

नक्षी झिजून दीड-दोन मिलिमीटरवर आलेला टायर पुढच्या मुक्कामापर्यंत जाईल अशा हिशेबाने लांबच्या प्रवासाला निघू नये. तारा आणि काटे झिजलेल्या रबरातून किती सहज आत जातात हे मी भाड्याच्या गाडीवर शिकलो. तिचा मागचा टायर ओशमध्येच बदलून मागायला हवा होता, तो मी मागितला नाही.

परक्या गावात पंक्चर काढून घेताना

आपण स्वतः काढायचे नसेल तर दुकान शोधता आले पाहिजे. मध्य आशियात आणि रशियात पाटीवर "शिनोमोन्ताझ" असे रशियनमध्ये लिहिलेले असते, तुर्कस्तानात "लास्तिकची", अर्जेंटिनात "गोमेरिया", ब्राझीलमध्ये "बोराशारिया". इराणमध्ये "पंचरगिरी" आणि पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत "पांचा" म्हटले की झाले. तिथे तर शब्द शिकायचीही गरज नाही. ही बहुतेक दुकाने ट्रक आणि मोटारींची असतात. तिथल्या माणसाचा हात वजनदार आणि लिव्हर हातभर लांबीची असते, तेव्हा शेवटची वीतभर कड त्याला थांबवून आपण स्वतः चढवावी. भाषा येत नसेल तर व्हॉल्व्हची चकती वर ठेवायला खुणेने सांगावे, नाहीतर तो ती पान्याने आवळून देतो आणि वर शाबासकीच्या अपेक्षेने पाहतो.

आणि ट्यूबला ठिगळ लागले तरी टायर लगेच बसवू देऊ नये. त्याच्यासमोर हाताचा तळवा उघडा धरून उभे राहावे. जे आत शिरले होते, ती तार, तो काटा, तो खिळा, त्या तळव्यावर पडला की मगच चाक त्याच्या ताब्यात द्यावे. तळवा रिकामा राहिला तर मोजा किंवा बोळा खिशातून काढून पुन्हा एकदा स्वतः टायरच्या आतून फिरवावा.